चित्र वेगळं निघालं

वसमत
१४ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबांना सृष्टीचा नमस्कार.

तिळगूळ पाकिटातच घातला आहे. पोस्टात चुरा झाला तर चमच्यानं खा. फोन का केला नाही म्हणून मोठी माय रागावेल. पण परवा तुम्हाला "बरं आहे का?" एवढं विचारायला मी इतकी ओरडले, की शेडमधली सगळी माणसं काम थांबवून "बरं आहे, बरं आहे" म्हणायला लागली. मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्या दिसतात. माझं हाताचं अक्षर तरी भाकरीएवढं आहे, म्हणून हे पत्र.

कामाचं विचारत होतात ना? सांगते, पण मध्येच पत्र मिटून खिशात घालायचं नाही.

आपल्या शेतकरी कंपनीचं हळद निवडायचं मशीन तुम्ही पाहिलंय. पट्टा, पेट्या, हवेच्या नळ्या हे सगळं लोखंडाचं काम प्रेमदास भाऊंचं. मशीनचे डोळे आणि डोकं माझं. पट्ट्यावरून हळकुंडं पळतात, वरचा कॅमेरा एकेकाचं चित्र काढतो, छोटा संगणक ते चित्र बघून ठरवतो की हे चांगलं, हे तुटकं, हा मुळाशी असतो तो जाड गोल गड्डा. मग नळीतून हवेचा फटका बसतो आणि माल आपापल्या पेटीत पडतो. निदान पडायला पाहिजे. आमचा फटका उशिरा बसतो. तुटकं हळकुंड ऐटीत पुढं निघून जातं आणि त्याच्या मागचं चांगलं बिचारं मार खातं.

कारण सापडलंय. संगणकाचा कार्यक्रम लिहिताना सगळं कुणी पहिल्यापासून लिहीत नाही. तयार सामानाची एक पेटी मिळते, तिला टूलकिट म्हणतात. पडद्यावर खिडकी उघडायची, बटण दाखवायचं, चित्र दाखवायचं, हे जगातल्या लोकांनी लिहून फुकट वाटलेलं आहे. आमच्या टूलकिटचं सगळं जर्मनीतल्या एक बाई बघतात. पण त्यात चित्र हे खिडकीच्या लिखाणात असं गुंतलंय, की नुसतं चित्र मागितलं तरी आख्खी खिडकी येते. खिडकी नसली की चित्र उभंच राहत नाही! खिडकीला मग पडदा लागतो. हळदीच्या धुळीनं दोन पडदे आधीच मेले. खोटा पडदा आहे असं भासवून पाहिलं, तरी त्या छोट्या संगणकाचा अर्धा दम कुणी न बघणारी खिडकी सांभाळण्यात जातो. आणि फटका उशिरा.

भागवत काकांचं तुम्हाला माहीत आहे. कंपनीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सरळ सांगितलं, पाडव्याला मालाचा मुहूर्त आहे, तोवर मशीन नीट चाललं तर ठेवू, नाही तर बाहेरून तयार मशीन मागवू. बाहेरचं मशीन आलं की त्याची माणसंही बाहेरची येणार, आणि मला पुण्याच्या नोकरीला हो म्हणावं लागणार. मला पुण्याला जायचं नाही, मोठे बाबा. मला इथंच राहायचंय.

पप्पांना आणि आईला सगळं छान चाललंय म्हणून सांगा.

तुमची
सृष्टी

*

(पोस्टकार्ड)

वसमत
२७ जानेवारी

ती. मोठे बाबा,

घाईत लिहिते. ठरलं. आता वेगळं काढल्याशिवाय इलाज नाही. इतकी वर्षं एकत्र राहिलं, त्यात दोघांचंही नुकसान होऊन राहिलंय. वाटणी मीच करणार. कुणी करत नव्हतं म्हणून राहिली होती. पप्पांना इतक्यात सांगू नका, उगाच काळजी करतील. तुमचा आशीर्वाद असू द्या.

सृष्टी

*

साखरा
३१ जानेवारी २०२५

सृष्टी,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण हात उचलला न्हाई.

पहिलं पत्र आलं तवा निम्मं समजलं, निम्मं न्हाई. टूलकीट म्हणल्यावर मला वाटलं हळदीवर पडायची कोणती नवी कीड असंल, फवारणी केली म्हंजे जाईल. कार्ड मात्र समदं समजलं. अन कार्ड समजल्यावर पहिलं पत्र बी समजलं! शिकलेली पोरगी, सरळ कशाला लिहिशील. चित्र म्हंजे तुझा बाप अन खिडकी म्हंजे मी, व्हय ना? "नुसतं चित्र मागितलं तरी आख्खी खिडकी येते." विश्वंभराला कुणी जेवाय बोलावलं की मी बी संगं जातो, हे खुपलं व्हय तुला? "खिडकी नसली की चित्र उभंच राहत नाही." मी नसलो तर तुझा बाप उभा राहत न्हाई, असं म्या कधी म्हणलं? म्हणलं असंल एखाद्या वक्ती. पण ते थोरल्या भावाच्या मायेनं म्हणलं.

बरं, पाकिटात तरी घालायचं. कार्ड टाकलंस. पोष्टमननं वाचलं, पिठाच्या गिरणीवर वाचलं, मंग माझ्या हातात आलं. गिरणीवाला मला म्हणतो, "अण्णा, काहून म्हणे वेगळं निघून राहिले?" मला ऐकू येत न्हाई, ह्याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

तुला कुणी सांगितलं वाटणी करायला? तुझ्या बापानं सांगितलं असंल तर त्याला जीभ हाय. अन करायची तर बराबर कर, त्या सोनाजीच्या घरासारखी नको. त्यायची विहीर थोरल्याच्या हिश्श्यात गेली. धाकटा आज बी मोटार चालू कराय थोरल्याच्या दारात उभा राहतो. कागदावर वेगळे अन पाण्याला एकत्र, त्याला काय वाटणी म्हणतेत? उलटं करून धाकट्याला दिली असती तर थोरला उभा राहिला असता. अगं, वाटणी कराय बसलं की पहिले विहीर, गाडीवाट अन देव बाहेर काढायचे. त्ये कुणाच्याच हिश्श्यात टाकायचे न्हाईत. दोघानं बी वापरायचे, दोघानं बी साफ ठेवायचे. मंग राहिलेलं वाटायचं. एवढी अक्कल नसंल तर वाटणीत पडू नये.

म्या भागवताला छातीठोक सांगितलं होतं, आमची पोरगी इथंच राहून नाव काढील. असं नाव काढशील असं वाटलं नव्हतं.

उकंडराव

*

वसमत
५ फेब्रुवारी २०२५

मोठे बाबा, मोठे बाबा, मोठे बाबा!

अहो, काय हे! तुमचं पत्र शेडमध्येच फोडलं. आधी मला दरदरून घाम फुटला, मग हसू फुटलं, मग "छातीठोक" वाचून डोळ्यांतून पाणी. प्रेमदास भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्यांना वाटलं घरी कुणी गेलं.

घराची वाटणी नाही हो. चित्र म्हणजे चित्र आणि खिडकी म्हणजे खिडकी! संगणकातली! त्या टूलकिटमधून चित्राचं लिखाण खिडकीच्या लिखाणापासून वेगळं काढायचं मी ठरवलं, ते जर्मनीच्या बाईंना कळवलं, आणि त्या आनंदात तुम्हाला कार्ड टाकलं. पप्पांना सांगू नका म्हटलं, कारण ते विचारतील "जमलं नाही तर?" आणि मग मलाही तेच वाटायला लागतं. तुमच्या मनाला लागलं, त्याची माफी मागते. यापुढं कार्ड नाही, पाकीटच.

पण आता माझं ऐका. तुम्ही रागाच्या भरात काय लिहून गेलात ते तुम्हाला ठाऊक नाही.

मी आठवडाभर चित्र ओढून बाहेर काढत होते आणि त्याच्या मागं खिडकी निघत होती. का, तर चित्राला लांबी-रुंदीचा चौकोन लागतो, जागा दाखवायला ठिपका लागतो, रंग लागतो. आणि हे तिन्ही खिडकीच्या हिश्श्यात लिहिलेले. म्हणजे चित्र त्या धाकट्यासारखं दरवेळी खिडकीच्या दारात उभं! मग मी काय केलं, ते तिन्ही उचलून चित्राच्या हिश्श्यात टाकले. जर्मनीच्या बाईंचं उत्तर आलं, की आता साधं बटण दाखवायचं तरी चित्राचं सगळं ओझं अंगावर घ्यावं लागेल, हे मी घेणार नाही. बाई बरोबर होत्या. मी थोरल्याला दारात उभं केलं होतं. मी विहीर इकडून तिकडं ढकलत होते, मोठे बाबा, आणि विहीर जागची हलत नव्हती.

तुमचं पत्र वाचून झालं आणि मी तशीच संगणकासमोर बसले. चौकोन, ठिपका, रंग बाहेर काढले. तिसरा ढीग केला, कुणाच्याच नावावर नसलेला. चित्रानंही वापरायचा, खिडकीनंही. त्याला कुणाचीच गरज नाही. आणि मग चित्र ओढलं. आलं! एकटं आलं! मागं कुणी नाही! मी अशी ओरडले, की फोनवर ओरडले असते तर तुम्हालाही ऐकू आलं असतं.

अजून पुष्कळ बाकी आहे. शेकडो ठिकाणी जुने धागे आहेत, एकेक तोडून नवीन बांधायचा. पण रस्ता सापडला, आणि तो तुम्ही मला शिव्या देताना दाखवलात. अजून थोड्या द्यायच्या असतील तर पाठवा.

घरी सगळं ठीक आहे ना? पप्पांना काही बोलला नाहीत ना?

तुमची, एकत्र कुटुंबातली
सृष्टी

*

साखरा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस भरपूर आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

संगणकातली खिडकी हे आधी लिहायचं असतं. लिहिलं होतंस म्हणतीस, तर मोठ्या अक्षरात लिहायचं असतं.

बोललो का म्हणून विचारतीस? बोललोच न्हाई, हीच तर गंमत झाली. कार्ड आल्या दिशीपासून म्या विश्वंभराशी बोलणं टाकलं. तो बिचारा बैलाला पाणी दाखवून येतो, माझ्यापुढं उभा राहतो, "दादा, काही चुकलं का?" म्हणतो. मी दुसरीकडं पाहतो. त्याला वाटलं मला ऐकू आलं न्हाई. म्हणून अजून मोठ्यानं, "दादा, काही चुकलं का?" समद्या गल्लीनं ऐकलं. तुझं दुसरं पत्र आलं तवा म्या ते आधी वाचलं, मंग दोन्ही पत्रं अन कार्ड त्याच्या हातात दिलं. तो ओसरीवर बसून वाचायला लागला अन असा हसला, असा हसला, की तुझी आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

पण मंग त्यानं पत्रं मिटली. म्हणला, "दादा, खरंच वाटणी काढली असती तर म्या न्हाई म्हणलं नसतं." अन उठून वावरात गेला.

ह्याचा मला अर्थ लागून न्हाई राहिला. त्याला काय कमी हाय? म्या त्याला कधी तकलीफ दिली? तू शिकलेली हायस, जर्मनीच्या बाईचं तुला समजतं, बापाचं समजंल तर सांग.

तुझं ते रस्ता सापडल्याचं वाचून बरं वाटलं. विहिरीचं म्या तुलाच समजावं म्हणून लिहिलं होतं, असं मी गिरणीवर सांगितलं हाय. तू बी तसंच सांग.

उकंडराव

सृष्टे, मी मोठी माय. ह्यायनी पत्र बंद करायच्या आत दोन ओळी घालून राहिले. ह्यायला समजलं न्हाई, मला समजलं. विश्वंभर भाऊजी दर साली म्हणतेत यंदा ठिबकवर हळद लावू. हे म्हणतेत सोयाबीन बरं, कापूस बरा. अन दर साली ह्यायचंच होतं. भाऊजी थोरल्यापुढं तोंड उघडत न्हाईत, अन ह्यायला उघडलं तरी ऐकू येत न्हाई. तू काही लिहू नको. ह्यायनीच विचारलं पाहिजे. अन जेवण टाळू नको, फोटोत गाल बसलेले दिसले.

*

वसमत
२० मार्च २०२५

ती. मोठे बाबांना नमस्कार. मोठ्या मायला सांगा, जेवते आहे.

पप्पांचं तुम्ही मला विचारलंत. मोठे बाबा, ते त्यांनाच विचारा ना. पण एकटे असताना विचारा, आणि विचारून झालं की उत्तर येईस्तोवर थांबा. त्यांना वेळ लागतो.

माझं सांगू? शेवटचा धागा सोमवारी तोडला. चित्र पूर्ण वेगळं. पडदा काढला, खिडकी काढली, संगणक डब्यात घालून झाकण लावून टाकलं. पट्टा सुरू केला. आणि हवेचा फटका असा वेळेवर बसायला लागला, की प्रेमदास भाऊ नुसते नळीजवळ कान लावून उभे. फट, फट, फट. एकही चुकत नव्हता.

फक्त मशीननं सगळी हळद फेकून दिली. चांगली, तुटकी, गड्डा, सगळी. चांगल्या मालाच्या पेटीत एक हळकुंड नाही. भागवत काका बाजूला उभे होते. पाडवा किती लांब आहे एवढं विचारून निघून गेले.

मशीनला काय दिसतंय म्हणून त्यानं काढलेली चित्रं माझ्या लॅपटॉपवर उघडली. हळद निळी! आकाशासारखी निळी, मोठे बाबा. ढीगच्या ढीग निळी हळकुंडं. पिवळं शोधायला शिकवलेलं मशीन निळा माल कशाला ठेवून घेईल? त्याचं बरोबरच आहे. चूक माझी आहे आणि ती कुठं आहे ते मला कळत नाही. काल पुण्याहून फोन आला होता, की एक तारखेपर्यंत हो-नाही सांगा. मी उत्तर दिलं नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते आहे.

पाडव्याला येणार होतात. यायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

सृष्टी

*

साखरा
२४ मार्च २०२५

चि. सृष्टीस आशीर्वाद.

पत्र आलं अन लगेच लिहून राहिलो. यायचं का न्हाई म्हंजे काय? चाललं तर बघाय येऊ, न चाललं तर तुझ्याजवळ उभं राहाय येऊ. मी, विश्वंभर, तुझी आई, तुझी मोठी माय द्वारका, समदेच. सकाळच्या एसटीनं हिंगोली, तिथून वसमत.

तू म्हणलीस तसं विश्वंभराला वावरात गाठून विचारलं, अन थांबलो. लई थांबलो. त्यानं काडीनं सारी जमीन कोरून काढली. मंग म्हणला, "दादा, मला हळद लावायची हाय. माझ्या मनानं. बुडलो तर मी बुडंन, तुमचा बोल नको." मला राग येईल असं वाटलं होतं. आला न्हाई, नवल वाटलं.

निळी हळद कुणी खात न्हाई एवढं मला समजतं, बाकी तुला समजतं. भिऊन बसू नको. ज्या पोरीनं खिडकी उपटली तिला रंग काय जड हाय.

उकंडराव

*

वसमत
१ एप्रिल २०२५

ती. मोठे बाबांना साष्टांग नमस्कार. रविवारच्या गर्दीत धड पाया पडता आलं नाही, तो हा.

तुम्ही सगळे होतात म्हणून मुहूर्ताचं काय लिहू? मी तर पूर्ण वेळ मशीनच्या मागं डब्याजवळ बसून होते. मला पट्ट्याचा खालचा भाग आणि प्रेमदास भाऊंच्या चपला एवढंच दिसलं. पण जे तुम्हाला दिसलं नाही ते सांगते.

तुमचं पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं. "खिडकी उपटली" हे वाचलं आणि डोक्यात लख्ख पडलं. उपटली खरी, पण मुळं राहिली होती! चित्रात तीन रंग एकामागं एक लिहिलेले असतात. तांबडा, हिरवा, निळा. काही पडदे ते उलटे वाचतात, निळा आधी. म्हणून हे चित्र जन्मल्याबरोबर पडद्याला विचारायचं, "माझे रंग कोणत्या क्रमानं धरू?" वेगळं निघालं तरी मीठ मागायला जुन्याच घरी जात होतं! आता घरात पडदाच नाही, तर उत्तर कोण देणार? म्हणून त्यानं मनानं उलटा क्रम धरला आणि हळद निळी. मी ते विचारणंच काढून टाकलं. आता चित्र आपला क्रम स्वतःच्या अंगावर लिहून जन्मतं. कुणाला ते दाखवायचं असेल तर त्यानं वाचावं आणि आपली सोय बघावी. बदल म्हणाल तर मूठभर ओळींचा. शुक्रवारी दुपारी पट्टा सुरू केला आणि चांगल्या पेटीत पहिलं हळकुंड पडलं तेव्हा मी ते उचलून खिशात घातलं. अजून खिशात आहे, सगळा ड्रेस पिवळा झाला.

आणि काल जर्मनीच्या बाईंचं उत्तर आलं. घेतलं, मोठे बाबा! सगळं घेतलं! चित्र वेगळं, खिडकी वेगळी, मधला सामाईक ढीग वेगळा. आता ते टूलकिट जगात कुठंही वापरलं तरी माझी वाटणी त्यात असणार. बाई लिहितात की हे गुंतलंय हे सगळ्यांना माहीत होतं, पण हात घालायला कुणी धजत नव्हतं. मधल्या ढिगाला मी इंग्रजी अक्षरांत "विहीर" असं नाव दिलं होतं, त्याचा अर्थ विचारला. मी तुमची सगळी गोष्ट कळवली, सोनाजी काकांच्या धाकट्या भावासकट. त्या म्हणाल्या, नाव तेच राहील.

पुण्याला आज सकाळी फोन केला. नाही म्हणून सांगितलं. इतकं सोपं होतं ते!

मोठ्या मायच्या शेंगदाण्याच्या पोळ्या प्रेमदास भाऊंनी मला विचारल्याशिवाय संपवल्या.

तुमची
सृष्टी

*

साखरा
७ एप्रिल २०२५

चि. सृष्टीस,

किती आशीर्वाद लिहू? कागद संपंल.

तू मागं बसली होतीस, तर समोरचं मी लिहितो. तुला आयुष्यभर पुरंल.

पहिले तर भागवतानं बदमाशी केली. तुम्ही निवडून ठेवलेलं पोतं त्यानं घेतलंच न्हाई. बाजारातून आलेलं सरमिसळ पोतं आणून ओतलं, गड्डे, तुटकं, माती समदं. व्यापारी लोक हात बांधून उभे, की पोरीची फजिती बघू. पट्टा चालू झाला. मला आवाज न्हाई, पण हळकुंडं उडताना दिसून राहिली. हे इकडं, ते तिकडं, गड्डा खाली. जशी काय प्रत्येकाला आपली पेटी पाठ हाय! भागवत चांगल्या मालाच्या पेटीपाशी गेला, कोपरापर्यंत हात घातला अन चूक हुडकू लागला. लई हुडकलं. शेवटी एक बारीक तुटकं सापडलं. त्यानं ते समद्याला दाखवलं अन परत पट्ट्यावर टाकलं. अगं, त्या मशीननं त्याला असं उडवलं, की तुटक्याच्या पेटीत जाऊन पडलं! दुसऱ्यांदा म्हणून शरम वाटली असंल मशीनला. लोकायनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आल्या न्हाईत, दिसल्या. पन्नास हात वर.

भागवत माझ्याजवळ आला, कानात ओरडला, "अण्णा, मशीन राहतं. पोरगी राहती. अन पुढच्या हंगामात दुसरं मशीन तुमच्या भागात." म्या म्हणलं, "काय?" ऐकू आलं होतं. पण अजून एकदा म्हणवून घेतलं, अन मोठ्यानं, म्हंजे त्या व्यापाऱ्यायला बी ऐकू गेलं पाहिजे. तुझा बाप माझ्या दंडाला धरून उभा होता. त्याची बोटं अजून उमटलेली हायत.

आता घरचं. आमी बी वेगळं काढलं.

भिऊ नको, भांडण न्हाई. परतीच्या एसटीत मीच म्हणलं, विश्वंभर, मशीन आपल्या भागात येणार, तर त्यात घालाय हळद कोण लावणार? लाव तू. तुझ्या हिश्श्यात, तुझ्या मनानं. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मला वाटलं ऐकलं न्हाई, आता ह्याला बी माझ्यासारखं झालं का काय. पाहतो तर डोळे पुसून राहिला.

शनवारी चार माणसं बसवली. विहीर, गाडीवाट अन देव पहिले बाहेर काढले. राहिलेलं वाटाय चहा गार व्हायच्या आत झालं. वरच्या अंगाची जमीन त्याला, खालची मला. घर एकच हाय. तुझ्या आईनं मागच्या खोलीत शेगडी मांडली अन पहिल्या दिशी तीन भाज्या केल्या, कुणाला न विचारता. द्वारका म्हणती, पोरीसारखी गात होती. तुझ्या बापानं ठिबकच्या नळ्या बघाय आजच सेनगाव गाठलं. सोयाबीनचं नाव काढत न्हाई, अन मी बी सांगत न्हाई. सांगायची लई इच्छा होती, ही गोष्ट येगळी.

काल आमच्याकडं पुरणाचा बेत केला. मी स्वता जाऊन विश्वंभराला आवतन दिलं. मधी एक भिंत हाय फक्त, पण दारात उभा राहून रीतसर बोलावलं. तर हा गडी धुतलेली टोपी घालून आला! पाव्हणा म्हणून. लहानपणापासून एका पंगतीला जेवलो, पण घरचाच म्हणून त्याला आग्रह असा कधी केलाच न्हाई गं. घरच्याला कोण आग्रह करतं? काल त्याच्या ताटाशेजारी बसलो अन म्हणलं, "विश्वंभर, अजून एक पोळी घे."

त्यानं घेतली. खाली मान घालून खाल्ली. मंग म्हणला, "दादा, अजून एकदा म्हणा."

तुझा
मोठा बाबा